नोकरी, घर आणि आंब्याची कलमं सांभाळून गावात एकांकिका बसवायची असेल तर

शाळेच्या गॅदरिंगला एकदा स्टेजवर उभी राहिलेली आणि ती गोष्ट अजून मनात धरून असलेली बाई आमच्या देवगड-मालवण पट्ट्यात दर वाडीत सापडते. पुरुष पण सापडतात, पण त्यांना निदान भजन असतं, दशावतार असतो, कुठेतरी हौस फिटते. बाईला लग्नानंतर एकदम फुगडीच, ती पण गणपतीत. मी पतसंस्थेत नोकरी करते, घरची कलमं आहेत, सासूबाई आहेत, दोन मुलं शाळेत, आणि तरीही आमच्या वाडीतल्या बायका आणि चार पुरुष मिळून आम्ही एकांकिका करतो. त्यामुळे हल्ली आजूबाजूच्या गावांतनं फोन येतात की वहिनी कसं काय जमवता, आम्हाला पण करायचंय, सुरुवात कुठून करू. प्रत्येकीला तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा सगळं एका ठिकाणी लिहून ठेवते.

एक गोष्ट आधीच सांगते. "रोज एक तास स्वतःसाठी काढा" असं सगळे सांगतात ना, ते आमच्याकडे चालत नाही. मार्च-एप्रिलमध्ये आंबा उतरवायला सुरुवात झाली की एक तास काय, दहा मिनिटं मिळत नाहीत, दिवसभर घळ (आंबे उतरवायची जाळीची काठी) आणि पेट्या, रात्री अढी (पिकायला गवतात घातलेले आंबे) बघायची. पण तेच नोव्हेंबर-डिसेंबरच्या संध्याकाळी बऱ्याच मोकळ्या असतात. म्हणून रोजच्या वेळापत्रकात जागा शोधू नका, वर्षाच्या कॅलेंडरमध्ये शोधा.

१. पहिली तारीख ठरवा, नाटक नंतर

बहुतेक जण आधी संहिता शोधत बसतात आणि त्यातच वर्ष जातं. उलटं करा. प्रयोगाची तारीख धरा आणि तिथून मागे मोजत या.

शेती-बागायतीवाल्या घरांना मला वाटतं जानेवारीचा दुसरा पंधरवडा सगळ्यात बरा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू असतं, बायका तशाही एकत्र येतात, माघी गणपती पण साधारण त्याच सुमाराला. भात कापून झोडून झालेलं असतं. मोहोराच्या फवारण्या चालू असतात, पण ते दिवसाचं काम, संध्याकाळी माणूस घरी असतो. फेब्रुवारी लागला की काजू सुरू होतो, मग शिमगा, मग आंबा, आणि मग पाऊस येईपर्यंत कोणाला बोलावू नका, कोणी येणार नाही आणि त्यांची काही चूक पण नाही.

मासेमारीवाल्या घरांचं गणित वेगळं. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, तेव्हा माणसं घरी असतात. त्यांनी तालमी पावसात करायच्या आणि प्रयोग नारळी पौर्णिमेच्या आसपास बंद जागेत ठेवायचा. दोन्ही प्रकारची माणसं एकाच टीममध्ये घ्याल तर तालमीच्या वेळा जुळवताना खूप ओढाताण होते, पहिल्या वर्षी तरी एकाच हंगामाची माणसं घ्या.

आमचं साधारण असं असतं:
- जून ते ऑगस्ट: संहिता वाचणं, निवडणं किंवा लिहिणं
- गणपतीत: चाकरमानी येतात तेव्हा वर्गणी आणि मदत पक्की करणं (मुंबईत राहून नाटकाचं लाईट-साऊंडचं काम केलेला एखादा तरी प्रत्येक वाडीचा असतोच, त्याला आत्ताच पकडा)
- तुळशीच्या लग्नानंतर: तालमी
- जानेवारीत प्रयोग

गणपतीत तालीम ठेवू नका. गणपतीत आरत्या, भजनं आणि पाहुणे, दुसरं काहीही होत नाही.

२. संहिता: छोटी, कमी पात्रांची, आपल्या बोलीतली

पहिल्यांदाच करत असाल तर तीन अंकी नाटकाला हात लावू नका. ३५ ते ४० मिनिटांची एकांकिका, ५ ते ७ पात्रं, एकच सेट. हाताने लिहिलेल्या एका फुलस्केप पानाला बोलायला साधारण दीड मिनिट लागतं, त्या हिशोबाने २५-२६ पानं झाली की बास.

पात्रं कमी का म्हणते, तर कोकणात दर आठवड्याला कोणाकडे तरी काहीतरी असतंच. कोणाचं मयत, कोणाची पूजा, कोणाचा मुलगा मुंबईहून आला, कोणाला सुतक. पाच माणसं असली तर चार नक्की येतात, बारा असली तर सहा येतात आणि त्या सहांचा एकमेकांशी एक पण प्रवेश नसतो.

स्वतः लिहायचं असेल तर जरूर लिहा, मी तर म्हणेन लिहाच, कारण बायकांना चार चांगली कामं असलेली एकांकिका शोधायला फार वेळ जातो. मालवणात ज्यांच्या नावाने नाट्यगृह आहे ते मामा वरेरकर पोस्टात नोकरीला होते आणि नोकरी करता करता नाटकं लिहीत होते, म्हणजे पगाराची नोकरी आणि नाटक हे आपल्याकडे जुनंच आहे. लिहिताना एकच सांगणं, जी बाई ते पात्र करणार तिच्या तोंडची भाषा लिहा. घरी मालवणी बोलणाऱ्या बाईला पुस्तकी मराठी दिली की ती वाक्य पाठ करते पण बोलत नाही, हात पण हलत नाहीत तिचे. तेच वाक्य मालवणीत करून दिलं की तीच बाई पूर्ण स्टेज वापरते, हे मी दर वेळी बघते आणि दर वेळी अंगावर काटा येतो.

लिहायला वेळ कधी मिळतो? मला एसटीत मिळतो. सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना. वही नाही काढता येत, रस्ते तुम्हाला माहितीच आहेत, म्हणून मोबाईलवर बोलून रेकॉर्ड करते आणि रविवारी दुपारी उतरवून काढते. मोबाईलच्या कीबोर्डवर बोलून मराठी टाईप होतं ते पण चालतं, फक्त मालवणी शब्द ते भलतेच लिहितं, तपासून घ्या.

दुसऱ्याची संहिता घेणार असाल तर लेखकाची लेखी परवानगी घ्या. लेखक हयात नसेल तर वारसांची, कारण मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. आता कायद्यात असं आहे की हौशी मंडळाने फुकट प्रेक्षकांसाठी केलेल्या प्रयोगाला किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या प्रयोगाला सूट आहे, आणि गावात बरेच जण तेवढं ऐकून परवानगी मागतच नाहीत. तरीही मागा. एकतर ज्याने लिहिलं त्याला कळायला हवं की आपलं नाटक एका गावात होतंय, आणि दुसरं म्हणजे उद्या तिकीट लावलंत किंवा स्पर्धेत गेलात की ते पत्र लागणारच. लेखक बहुतेक वेळा आनंदाने देतात, मानधन सांगितलं तर घासाघीस करू नका, आपल्याकडे मांडववाल्याला पैसे देताना कोणी मागेपुढे बघत नाही, मग लेखकाला देताना का बघायचं.

३. माणसं निवडताना

चांगला नट शोधू नका, येणारं माणूस शोधा. हे ऐकायला वाईट वाटतं पण खरं आहे. ज्याला खरंच खूप छान काम येतं आणि जो आठवड्यातून एकदाच उगवतो त्याच्यामुळे बाकीच्यांचा उत्साह मरतो. वेळेवर येणाऱ्याचं काम आठ आठवड्यांत सुधारतं.

स्टेजवर यायला लाजणाऱ्या बायकांना पण घ्या, प्रॉम्प्टिंग (विंगेतून वाक्य आठवून देणं), कपडे, सामान, रंगभूषा, ही कामं पण नाटकच आहेत. आमच्याकडे प्रॉम्प्टिंग करणाऱ्या काकींना सगळ्यांची वाक्यं पाठ असतात, ऐनवेळी कोणी आजारी पडलं तर त्याच उभ्या राहतात. प्रत्येक मंडळाला अशा एक काकी असाव्यातच.

आणि आपल्या गावात दशावतारी काम केलेले कोणी म्हातारे आजोबा असतील तर त्यांना तालमीला बोलवा, खुर्ची द्या, चहा द्या आणि ऐका. दशावतारात लिहिलेली संहिता नसते, ऐनवेळी संवाद रचतात, स्वतःचा मेकअप स्वतः करतात, रात्रभर उभे राहतात. रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा असं त्यांच्याबद्दल म्हणतात, म्हणजे रात्री मुकुट घातलेला माणूस सकाळी शेतावर किंवा हमालीला. दिवसाचं काम आणि रात्रीची कला कशी सांभाळायची हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नाही. माझा आवाज दोन दिवसांत बसायचा, पोटातून आवाज कसा काढायचा ते मला अशाच एका आजोबांनी शिकवलं.

४. घरात सांगायचं कसं

खरी अडचण ही आहे आणि यावर कोणी लिहीत नाही. पैसे जमतात, जागा मिळते, घरात मात्र "तू तालमीक गेल्यावर घरातला कोण बघतला?" या प्रश्नाशी येऊन गाडी थांबते.

माझा अनुभव असा की "मला नाटक करायचंय" असं मोघम सांगितलं की घाबरतात, कारण त्याला शेवट दिसत नाही. तारखांसकट सांगा. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, आठवड्यातून चार संध्याकाळी, सात ते सव्वाआठ, शाळेच्या वर्गात, बरोबर अमक्या वहिनी आणि तमक्या काकी आहेत, येताना सगळ्या एकत्र येणार. एवढं सांगितलं की अर्ध्याहून जास्त विरोध कमी होतो. उरलेला विरोध काम वाटून कमी होतो. म्हणजे त्या चार दिवशी भाकऱ्या कोण करणार, मुलांचा अभ्यास कोण घेणार, गुरं असतील तर दूध कोण काढणार, हे नावानिशी ठरवायचं. नवऱ्याशी हे एकट्याने बोला, सासूबाईंशी वेगळं बोला, दोघांना एकदम समोर बसवून विचारू नका.

सासूबाईंना तालमीला घेऊन या. आमच्या सासूबाई पहिल्यांदा नुसत्या बसायला आल्या, मग "त्या काळी नऊवारी अशी नसायची" म्हणून कपड्यात लक्ष घालायला लागल्या, आता त्यांनी सांगितल्याशिवाय कोणी लुगडं नेसत नाही. लहान मुलांना पण आणा, कोपऱ्यात एक चटई आणि वह्या द्या, ती खेळतात. मुलं घरी ठेवून यायची अट घातली तर तरुण आया गळतात आणि मंडळात फक्त पन्नाशीच्या पुढच्या बायका उरतात.

नोकरीच्या ठिकाणी पण आधीच सांगून ठेवा आणि प्रयोगाचा दिवस व दुसरा दिवस अशी दोन दिवस रजा टाका, रंगीत तालमीला अर्धा दिवस मिळाला तर उत्तम.

५. तालीम

हिशोब सोपा ठेवा. ८ आठवडे, आठवड्याला ४ वेळा, सव्वा तास, म्हणजे ४० तास. चाळीस मिनिटांच्या एकांकिकेला एवढे पुरतात.

पहिले दोन आठवडे नुसतं बसून वाचन. उभं राहायची घाई सगळ्यांना असते, होऊ देऊ नका. पुढचे तीन आठवडे हालचाली, वही हातात चालेल. सहाव्या आठवड्यापासून वही बंद, सातव्यात सामान आणि कपड्यासकट, आठव्यात सलग, मध्ये कोणी चुकलं तरी न थांबता.

पाठांतरासाठी मोबाईल फार उपयोगी आहे. प्रवेशातली दुसऱ्यांची वाक्यं रेकॉर्ड करायची, आपल्या वाक्याच्या जागी तेवढा वेळ गप्प राहायचं, आणि ते ऑडिओ व्हॉट्सअॅपवर टाकायचं. बायका भांडी घासताना, मासे साफ करताना, कोकमाची सोलं सुकवताना ते लावून ठेवतात आणि मधल्या जागेत आपलं वाक्य बोलतात. वही घेऊन बसायला वेळ कोणालाच नसतो पण कान मोकळे असतात.

काही छोट्या गोष्टी ज्या अडवतात:
- पावसाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये तालीम असेल तर पाऊस वाजत असताना संवाद म्हणू नका, ओरडायची सवय लागते आणि ती नंतर जात नाही. तेवढा वेळ हालचाली करा.
- लाईट जाणार हे धरून चाला. चार्जिंगचे दोन दिवे ठेवा.
- परतताना काळोख असतो, बिबट्याचा वावर हल्ली सगळीकडे आहे, पायाखाली पण बघावं लागतं. बॅटरी घेऊन गटाने जायचं, कोणालाही एकटं सोडायचं नाही, आणि प्रत्येकीने घरी पोचल्याचा मेसेज टाकायचा. हा नियम आम्ही कधी सैल करत नाही.
- तालमीचा व्हिडिओ कोणी स्टेटसला टाकायचा नाही हे पहिल्याच दिवशी सांगा. एखाद्या बाईच्या माहेरी तो पोचतो आणि ती यायची बंद होते.

६. कागदपत्रं

हे काम एकाच माणसाकडे द्या, शक्यतो ज्याला सरकारी ऑफिसात बसून राहायची चिकाटी आहे.

- संहितेच्या चार-पाच स्वच्छ झेरॉक्स
- लेखकाचं परवानगी पत्र (स्वतः लिहिलं असेल तर स्वतःचं सही केलेलं पत्र आणि तारीख)
- रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (संहिता तपासून मंजुरी देणारं सरकारी मंडळ) प्रमाणपत्र. जाहीर तिकीट लावायचं असेल किंवा स्पर्धेत उतरायचं असेल तर संहिता आधी तिथे पाठवावी लागते. याला वेळ लागतो म्हणून संहिता पक्की झाली की लगेच पाठवा
- जागेसाठी शाळेचं किंवा देवस्थान कमिटीचं संमतीपत्र
- ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला
- पोलीस स्टेशनचा ध्वनिक्षेपक परवाना
- अर्जदाराच्या आधारकार्डाची झेरॉक्स

ध्वनिक्षेपकाचं नीट समजून घ्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. वर्षातले काही ठराविक दिवस १२ पर्यंत सूट मिळते पण ते दिवस जिल्हा प्रशासन जाहीर करतं, आपण ठरवत नाही. गावात प्रयोग नऊ साडेनऊला सुरू करायची जुनी पद्धत आहे आणि त्यात पाहुण्यांचे सत्कार असतात, म्हणजे नाटक रंगात येईपर्यंत दहा वाजतात. म्हणून सातला सुरू करा आणि सत्कार नाटकानंतर ठेवा. अध्यक्ष थोडे नाराज होतात, होऊ देत.

पुढे राज्य नाट्य स्पर्धेचं स्वप्न असेल तर ती सांस्कृतिक कार्य संचालनालय घेतं, साठहून जास्त वर्षं चालू आहे, आणि रत्नागिरीला प्राथमिक फेरीचं केंद्र असतं. तिथे पूर्ण लांबीचं नाटक लागतं, त्यामुळे एकदोन एकांकिका पचल्यावरच तिकडे बघा. पण प्रेक्षक म्हणून पहिल्या वर्षापासून जा. रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहात बसून दुसऱ्या गावचे आपल्यासारखेच नोकरी-धंदेवाले लोक काय करतात ते बघितलं की खूप शिकायला मिळतं.

७. स्टेज, लाईट, आवाज

मांडववाला आणि साऊंडवाला दिवाळीच्या आधीच पक्का करा. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई आणि जत्रा सुरू होतात आणि मग ते मिळत नाहीत, मिळाले तर दर वाढलेला असतो.

सेटसाठी पैसे घालवू नका. चिव्याच्या (बारीक बांबूच्या) काठ्या, चुडतं (माडाच्या झावळ्या), जुनी आंब्याची खोकी, गोणपाट, घरचा लाकडी पाट आणि घडवंची, यात कोकणातलं कुठलंही घर उभं राहतं. कागद मात्र वापरू नका, जानेवारीत रात्री दंव पडतं आणि रंगवलेला कागद लोंबायला लागतो.

लाईटला चार एलईडी पार (स्टेजवर झोत टाकणारे दिवे) पुरतात, दोन समोरून, दोन बाजूने. कनेक्शन महावितरणकडून तात्पुरतं घ्या किंवा शेजारच्या घराच्या मीटरवरून त्यांना विचारून आणि पैसे देऊन, खांबावर आकडा टाकायला कोणी सुचवलं तर साफ नाही म्हणा, ओल्या जमिनीवर अनवाणी माणसं वावरत असतात. माईक वरून टांगलेले किंवा स्टेजच्या कडेला ठेवलेले घ्या, आणि समुद्राकडून वारा येत असेल तर त्यावर स्पंजच्या टोप्या लावायला सांगा, नाहीतर अख्खं नाटकभर घोंगावल्यासारखा आवाज येतो.

८. प्रयोगाच्या दिवशी

दुपारी सगळ्यांनी हलकं जेवायचं, पेज-भाजी उत्तम. सामानाची यादी विंगेत चिकटवायची, कुठली वस्तू कुठल्या प्रवेशात आणि कोणाच्या हातात. रंगभूषा पाचला सुरू करा, घाम येतो त्यामुळे आधी रंग आणि मग त्यावर पावडर, दाढी-मिशीचा गम शेवटी. उतरवायला खोबरेल तेल ठेवा.

नारळ फोडा, रंगदेवतेला आणि गावदेवाला हात जोडा आणि तिसरी घंटा वेळेवर द्या. समोर पन्नास माणसं असली तरी द्या, बाकीची येतात, आणि पुढच्या वर्षी वेळेवर येतात. स्टेजवर कोणी वाक्य विसरलं तर समोरच्याने प्रश्न विचारायचा, "काय म्हणत होतीस?" असा, हे तालमीतच ठरवून ठेवा.

पहिल्या प्रयोगाला वाडीतली माणसं आपल्या बायकांना नावाने हाका मारतात, हसतात, कोणी मोबाईल वर करून उभं राहतं. दहा मिनिटं जाऊ द्या. दहा मिनिटांनी गप्प होतात आणि मग खरं नाटक सुरू होतं.

९. दुसऱ्या दिवशी

दुसऱ्या दिवशी रजा का घ्यायला सांगितली ते इथे कळेल. आणलेली प्रत्येक वस्तू ज्याची त्याला त्याच दिवशी परत गेली पाहिजे, समई, घडवंची, काकींची पैठणी, शाळेच्या खुर्च्या. उशीर झाला की पुढच्या वर्षी कोणी देत नाही. वर्ग झाडून किल्ली परत. जमाखर्च लिहून मंडळाच्या ग्रुपवर आणि देवळाच्या फळ्यावर लावायचा, एक रुपया शिल्लक असली तरी. लेखकाला फोटो आणि दोन ओळी पाठवायच्या. आणि काजू-आंब्याच्या गडबडीत सगळे पांगायच्या आत, त्याच आठवड्यात अर्धा तास बसून पुढच्या वर्षीची संहिता कोण शोधणार किंवा कोण लिहिणार त्याचं नाव ठरवून टाकायचं, कारण नंतर जूनपर्यंत एकमेकींची गाठ फक्त बाजारात पडते.